मोर्चा, सांधा, सुकाणू

इंग्रजी वर्तमानपत्रात एखाद्या पुढाऱ्याने धोरण बदलले की तो ‘टॅक’ बदलतो. टॅक हा शिडाच्या गलबतावरचा शब्द. वारा समोरून येत असेल तर गलबताला सरळ पुढे जाता येत नाही. नाखवा ते आधी एका अंगाला तिरपे काढतो, मग त्याचे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या अंगाला नेतो, आणि अशी नागमोडी चाल करत हवे तिथे पोचतो. हीच बातमी मराठीत आली की तो पुढारी ‘पवित्रा’ बदलतो. पवित्रा आखाड्यातला, दांडपट्ट्याचा. अर्थ जवळजवळ तोच राहिला, पण वाटेत समुद्र गळाला आणि त्याच्या जागी तालीम आली. भाषांतर करणाऱ्याने काही चूक केली असे नव्हे. शिडाच्या कामातला तयार शब्द त्याच्या हाताशी नव्हता, तालमीतला होता. नरपडसारख्या गावाच्या बाजूने पाहिले तर हा बदल छातीत सलणारा आहे, कारण तिथे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि वाऱ्याविरुद्ध नाव काढणे हा शेकडो वर्षांचा रोजचा उद्योग होता.

डहाणूहून चिखले, घोलवड, बोर्डीकडे जाणाऱ्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर नरपड आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, मध्ये ताडाची झाडे आणि वाड्या, पूर्वेला लोहमार्ग आणि त्याच्या पलीकडे तलासरीपर्यंत पसरलेले वारली पाडे. या आठ-दहा कोसांच्या पट्ट्यात दिशा बदलण्याची कितीतरी कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली: नाव फिरवणे, गुरे वळवणे, तारप्याच्या सुरावर नाचाची साखळी उलटी नेणे, रुळांचा सांधा बदलणे, आणि एका काळी किल्ल्यासमोर तोफांचे मोर्चे हलवणे. भाषेचा नियम असा दिसतो की माणसे आधी हातांनी काहीतरी वळवतात आणि मग तोच शब्द लक्ष, मत, विषय, धोरण यांच्यासाठी वापरतात. पण सगळ्यांच्या हातांचे शब्द सारखेच वर चढत नाहीत. यातल्या कोणत्या कामाने लिहित्या मराठीला दिशाबदलाचे शब्द दिले आणि कोणत्या कामाचे शब्द कामापाशीच राहिले, हे तपासले तर मराठी लिहिणारा कोण होता आणि तो कुठे उभा राहून पाहत होता, याचा चांगला पुरावा मिळतो.

इंग्रजीपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण तिथला हिशोब अधिक उघडा आहे. ‘टर्न’ हे तिथले सगळ्यात साधे क्रियापद ग्रीक आणि लॅटिनमधून आले आणि त्याच्या मुळाशी कातकामाचे यंत्र आहे, लाकूड फिरवून त्याला गोलाई देणारे. ‘स्वर्व्ह’च्या मुळाशी कानस घासणे आहे. ‘व्हीअर’ फ्रेंचमधून आले आणि खलाशांच्या तोंडी रुळले. रेल्वे आली तसे ‘शंट’, ‘स्विच’, ‘साइडट्रॅक’ हे शब्द रुळांवरून उठून चर्चेत आले. एखाद्याला मुद्द्यावरून बाजूला काढणे म्हणजे त्याला बाजूच्या रुळावर ढकलणे. यांच्या जोडीला लॅटिनची विद्वान क्रियापदे आहेत, ‘डायव्हर्ट’, ‘डायग्रेस’, ‘डीव्हिएट’, ज्यांच्या पोटात वळणे, पाऊल टाकणे, वाट सोडणे अशा साध्या क्रिया दडलेल्या आहेत. इंग्लंडचे राज्य, व्यापार आणि श्रीमंती गलबतांवर उभी होती. तिथला सरदारपुत्र आरमारात अधिकारी होत असे आणि त्याचा भाऊ पार्लमेंटात बसत असे. त्यामुळे डोलकाठीखालचा शब्द सभागृहात पोचायला फारसे अंतर नव्हते.

मराठीचा पाया ‘वळणे’ या क्रियापदावर आहे आणि ते श्रीमंत आहे. माणूस वळतो, रस्ता वळतो. पण हेच क्रियापद सकर्मकही आहे: दोरी वळतात, वाती वळतात, लाडू वळतात, मुठी वळतात, आणि गुरे वळतात. गुरे वळणे म्हणजे केवळ त्यांची तोंडे फिरवणे नव्हे. पांगणाऱ्या जनावरांना सतत आत घेत, पिकापासून दूर ठेवत, सगळ्या कळपाला एका मेळात राखणे म्हणजे गुरे वळणे. लक्ष सांभाळण्याच्या क्रियेच्या इतके जवळ दुसरे कोणते काम क्वचितच असेल. याच क्रियापदातून ‘वळण’ आले. रस्त्याचे वळण, अक्षराचे वळण, मुलाला लावायचे वळण. हिशेबात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ‘वळती’ करतात. गुराख्याचा शब्द पंतोजींच्या धुळपाटीवर आणि कारकुनाच्या वहीत असा सहज बसला. मात्र तो फार जुन्या काळी, लिहिणाऱ्यांचा वर्ग वेगळा होण्याच्याही आधी, सगळ्यांच्या भाषेत मिसळलेला होता. गुराख्याने तो दिला याची खूण उरलेली नाही. डहाणू-तलासरीत सावकाराची गुरे वळणाऱ्या वारली पोराला त्या शब्दाच्या मोठेपणाचा काही उपयोग झाला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. इंग्रजीत दिशाबदलाच्या छटा दाखवायला वीस क्रियापदे आणि मराठीत मात्र एक ‘वळणे’, त्याच्या जोडीला ‘फिरणे’. म्हणजे मराठी इथे दुबळी नाही का? क्रियापदांची डोकी मोजली तर तसे वाटते. पण मराठी आपली सूक्ष्मता क्रियापदाच्या धातूत साठवतच नाही. ती क्रियापदाला नाम जोडते: पाठ फिरवणे, बगल देणे, फाटा देणे, हुलकावणी देणे, वळसा घालणे, कलाटणी देणे, दिशाभूल करणे. यातल्या प्रत्येकाची छटा वेगळी आहे आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. विषयाला बगल देणारा त्याच्या अंगाला घासून निसटतो. फाटा देणारा तो गाळूनच टाकतो. कलाटणी देणारा त्याच विषयाला उलटा पाडतो. जेम्स मोल्सवर्थ आणि थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, तेव्हा एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दप्रयोगांची रांगच्या रांग उभी करावी लागली, ती या रचनेमुळे. आणि ही रचना आपल्या शोधाला उपयोगी आहे, कारण क्रियापद तेच ठेवून पुढचे नाम बदलते, आणि नामावर व्यवसायाचा शिक्का स्पष्ट उमटलेला असतो.

मग त्या नामांवर शिक्के कोणाचे आहेत? सर्वांत ठसठशीत शिक्का लष्कराचा. मोर्चा वळवणे, मोहरा फिरवणे, पवित्रा बदलणे, माघार घेणे, घूमजाव करणे. मोर्चा हा फारसीतून आलेला शब्द आणि त्याचा अर्थ खंदकाची, तोफा लावलेली जागा. किल्ल्याच्या एका बुरुजावरचा मारा थांबवून तोफा दुसऱ्या बाजूला लावल्या की मोर्चा वळला. नरपडच्या परिसरात हे अक्षरशः घडले आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत १७३९च्या सुरुवातीला डहाणू, तारापूर ही पोर्तुगिजांची ठाणी मराठ्यांनी घेतली. तारापूरला सुरुंग लावून तट फोडला गेला, आणि मे महिन्यात वसई पडली. गो. स. सरदेसाई यांनी संपादलेल्या पेशवे दप्तराच्या निवडक कागदांत या मोहिमेची पत्रे आहेत. मोर्चे, सुरुंग, हल्ले हे त्या काळच्या मराठी पत्रलेखनाचे रोजचे शब्द होते, कारण पत्र लिहिणारा कारकून छावणीतच बसलेला असे. लेखणी आणि तोफ एका तंबूत होती. त्यामुळे पुढे शंभर-दीडशे वर्षांनी वर्तमानपत्री मराठी घडली तेव्हा ‘वक्त्याने आपला मोर्चा सरकारकडे वळवला’ हे वाक्य कोणाला शिकवावे लागले नाही. ‘घूमजाव’ तर आपल्या रूपातच हिंदुस्थानी आज्ञा घेऊन आले आहे: घूम जाव, फिरून जा. हुकूम जसाच्या तसा नाम झाला.

दुसरा आक्षेप भाषाशास्त्राच्या बाजूने येईल. लक्ष किंवा मन वळवण्याची कल्पना शरीरावरून येते, मान वळते, डोळे फिरतात, सर्व भाषांत असेच होते. त्यात व्यवसाय आणि सत्ता शोधणे म्हणजे ओढाताण आहे. अर्धी गोष्ट यात खरी आहे. तोंड फिरवणे, पाठ फिरवणे, कानाडोळा करणे हे शरीराचे शब्द आहेत आणि त्यांना कोणत्याही धंद्याची गरज नाही. पण मोर्चा कोणाच्या शरीराला नसतो, सांधा हाडाला असला तरी तो ‘बदलत’ नाही. जिथे शरीर पुरत नाही तिथे भाषा शेजारच्या कामातून शब्द उचलते, आणि शेजार कोणाचा हा प्रश्न तिथेच सुरू होतो. याच्याच शेजारी तिसरी शंका आहे: ‘लक्ष वळवणे’ हा प्रयोगच इंग्रजीची नक्कल नाही का? मला तसे वाटत नाही. ‘मन वळवणे’ मराठीत पक्के रुजलेले आहे आणि त्याचा अर्थ इंग्रजीत ते शब्द शब्दशः घातले तर निघणारही नाही. मन वळवणे म्हणजे दुसऱ्याला पटवून आपल्या बाजूला आणणे. ज्या भाषेत मन, नजर आणि गुरे वळवता येतात तिथे लक्ष वळवायला बाहेरून साचा आणावा लागत नाही. लक्ष या शब्दाची स्वतःची घडण धनुर्धराच्या बाजूची आहे. मुळात ते वेधायचे निशाण, म्हणून आपण लक्ष ‘वेधतो’. लोकसभेच्या कामकाजात १९५४ साली ध्यानाकर्षणाच्या सूचनेची पद्धत सुरू झाली, ती भारतीय संसदेची स्वतःची भर मानली जाते. महाराष्ट्र विधिमंडळात तिला ‘लक्षवेधी सूचना’ हे नाव मिळाले आणि आता आमदार नुसती ‘लक्षवेधी’ मांडतात. हा शब्द सुंदर आहे. तो घडवणाऱ्याला भाषेचा कान होता.

लष्करानंतर दुसरा मोठा शिक्का रेल्वेचा. मोल्सवर्थ-कँडींचा कोश १८४७चा, आणि बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली १६ एप्रिल १८५३ला. म्हणजे ‘सांधा बदलणे’ या अर्थाने दिशा बदलणे त्या कोशकारांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातेकडून खाली येत १८६४ साली मुंबईला पोचला आणि डहाणू रोड स्टेशन त्यावर आले. इथले गवत आणि लाकूड मुंबईच्या बाजाराला याच मार्गाने जाऊ लागले. सांधेवाला रूळ सरकवतो, गाडी खडखडते, आणि डबे दुसऱ्या मार्गाला लागतात. थोड्याच काळात मराठी लेखक कथानकाने, आयुष्याने, संभाषणाने सांधा बदलल्याचे लिहू लागले. गाडी रुळावर आली, रुळावरून घसरली, हेही त्याच घरातले. सांधा बदलणे हे खालच्या पगाराच्या कामगाराचे काम, तरी तो शब्द वर चढला. याचे कारण मला असे दिसते की तो खडखडाट डब्यात बसलेल्या लिहित्या-वाचत्या माणसाच्या पायाखालून जात होता. त्याने ते काम केले नाही, पण त्याचा धक्का त्याला बसला.

आता समुद्राकडे येऊ. इथे चौथा आक्षेप आहे, आणि चारही आक्षेपांत तोच सर्वांत टणक: मराठीत समुद्र नाही हे म्हणणेच चुकीचे, कारण भरती-ओहोटी, नाव किनाऱ्याला लागणे, बुडत्याला काडीचा आधार, शिडात वारा भरणे असे कितीतरी प्रयोग आहेत. आहेत खरेच. पण ते नीट पाहिले की त्यांत एक गोष्ट सामाईक दिसते. हे सगळे काठावरून पाहणाऱ्याचे किंवा नावेत बसलेल्या उतारूचे शब्द आहेत. पाणी चढते, उतरते. नाव पोचते किंवा बुडते. वारा आपसूक भरतो. सुकाण्यावर हात ठेवून नाव फिरवणाऱ्याचा शब्द त्यांत नाही. दिशा बदलण्याची क्रिया, जी तांडेल दिवसातून अनेकदा करत असे, ती या म्हणींमधून नेमकी गळली आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत बोलींचे आणि धंद्यांचे शब्द मोठ्या कष्टाने गोळा केले, त्यात नावाड्यांचेही शब्द घेतले. त्या कामाबद्दल कृतज्ञताच असली पाहिजे. पण त्या शब्दांपुढे ‘नाविक’ अशी खूण आहे. मोर्चा हा शब्द मात्र आज कोणी ‘लष्करी’ अशी खूण मनात ठेवून वापरतो का? मोर्चा सगळ्यांचा झाला. शिडाचा शब्द खुणेच्या कुंपणात राहिला.

सुकाणूची गोष्ट याला पुष्टी देते. हा अरबीतून किनाऱ्यावर आलेला शब्द, आणि मांगेला, कोळी, माच्छी, भंडारी, खारवी अशा सगळ्या किनारी लोकांच्या ओळखीचा. पण लिहित्या मराठीत तो लाक्षणिक अर्थाने जोरात आला तो ‘सुकाणू समिती’ या जोडशब्दातून, आणि सुकाणू समिती ही इंग्रजी ‘स्टिअरिंग कमिटी’चे भाषांतर आहे. जून २०१७च्या शेतकरी संपात महाराष्ट्रभर गाजली ती सुकाणू समितीच. म्हणजे घरचा समुद्र आपल्या राजकीय भाषेत आला तो लंडनला वळसा घालून. इंग्रजीने आपल्या नावाड्याचा शब्द समितीला दिला, मराठीने त्या समितीचे भाषांतर करताना आपल्या नावाड्याचा शब्द आठवला. नरपडच्या किनाऱ्यावरून तो सरळ मंत्रालयात गेला नाही.

पूर्वेकडच्या पाड्यांवर दिशा बदलण्याची आणखी एक रीत आहे आणि तिला क्रियापदाचीही गरज पडत नाही. वारल्यांचा तारपा वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा आणि मेण यांचा होतो. नवे भात हाती येण्याच्या दिवसांत वाजवणारा मध्ये उभा राहतो, बायका-पुरुष हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात, आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. सूर बदलला की पावले बदलतात, फेर उलट फिरतो. हुकूम कोणी देत नाही. सगळ्यांचे लक्ष सुराला बांधलेले असते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हा फेर चित्रांतून जगभर नेला. तरीही ‘तारपा बदलला’ असा प्रयोग प्रमाण मराठीत नाही, आणि ‘सूर बदलला’ हा आहे तो गवयांच्या मैफलीतून आला. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात मराठीच्या खंडात वारलीची नोंद १९०५ मध्ये झाली, नमुने छापले गेले. नोंद होणे आणि भाषेत जागा मिळणे यांत मोठे अंतर असते.

याच वारल्यांनी मात्र एका शब्दाचा अर्थ बदलायला हातभार लावला. आज मोर्चा म्हटले की तोफ आठवत नाही. घोषणा देत चालणारी माणसे आठवतात. हा बदल विसाव्या शतकात मराठी मुलखातल्या अनेक चळवळींनी मिळून घडवला आणि त्यात डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारल्यांचा वाटा मोठा आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे इथून वारली गेले. २३ मे १९४५ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार न करण्याचा निर्णय झाला. मग गवत कापणीच्या मजुरीचा लढा आला. तेच गवत, जे रेल्वेने मुंबईला जात होते. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७०च्या पुस्तकात सांगितले आहे की त्यांच्या जिवाला धोका असल्याची खोटी वार्ता पसरवून लोकांना तिथे बोलावण्यात आले होते. दिशाभूल हा शब्द किती जड असू शकतो हे त्या रात्रीने दाखवले. पुढे १२ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेले शेतकरी आणि आदिवासी पायी मुंबईत पोचले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला मोर्चा म्हटले आणि तो शब्द कोणाला समजावून द्यावा लागला नाही. पेशव्यांच्या छावणीतला शब्द ज्यांच्याकडे तोफा नव्हत्या त्यांच्या हाती आला, तो त्यांनी चालून मिळवला. अर्थ वरून खालीच झिरपतो असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावे.

मच्छीमारांना ही संधी अजून मिळालेली नाही. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली. त्याविरुद्ध किनाऱ्यावरच्या गावांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, सभा घेतल्या, न्यायालयात गेले. त्या सगळ्या वादाची मराठी भाषा जमिनीवरची आहे: मोर्चा, ठाम पवित्रा, सरकारचे घूमजाव. ज्यांचे जगणे समुद्रावर, त्यांना आपली बाजू मांडताना आखाड्याचे आणि छावणीचे शब्द उसने घ्यावे लागतात. होड्यांना डिझेलची इंजिने बसून दोन पिढ्या झाल्या. इंजिनाला वाऱ्याची समजूत काढावी लागत नाही, त्यामुळे वाऱ्याविरुद्ध नाव काढताना तांडेल जे ओरडून सांगत असे ते शब्द वापरातून जात आहेत, आणि शिडावर प्रत्यक्ष काम केलेली माणसे डहाणूपासून झाईपर्यंतच्या गावांत आता म्हातारी झाली आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी बोलींच्या पाहण्या केल्या आहेत. मांगेली आणि वाडवळीवर लिहिले गेले आहे. पुढची पाहणी नात्यांची नावे आणि लग्नाची गाणी यांच्यावर न थांबता नाव फिरवण्याच्या क्रियापदांपर्यंत गेली पाहिजे, आणि ती क्रियापदे कोशात घेताना त्यांच्यापुढची ‘नाविक’ ही खूण काढून टाकली पाहिजे.